घरीच असते

दार उघडलं तर समोर मोठे भाऊजी. हातात कापडी पिशवी, खांद्यावर पांढऱ्या कांद्यांची माळ आणि चेहऱ्यावर पहाटेच्या एस.टी.चा सगळा वैताग.

"काय गो, अशी बघतेस काय? ओळखलं नाहीस?"

"या ना भाऊजी, या," मी म्हटलं खरं, पण नजर मागे स्वयंपाकघराकडे गेली.

भाऊजी माणूस म्हणून वाईट नव्हते. ह्यांचे सख्खे थोरले भाऊ, एस.टी.त कंडक्टर म्हणून उभा जन्म काढलेले, तोंडाने फटकळ आणि मनाने सरळ. वर्षातून दोनदा महाडहून यायचे आणि आले की लगेच परतीच्या गाडीची चौकशी करायचे. एरवी मी त्यांना हौसेने घावने करून घातले असते. पण त्या रविवारी, सगळे रविवार सोडून नेमक्या त्या रविवारी, ते मला दारात नको होते.

कारण त्या दिवशी अकरा वाजता कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस माझं स्वयंपाकघर बघायला येणार होता.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. तेव्हा आम्ही बदलापूर पश्चिमेला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. लग्नानंतरचं ते आमचं सहावं घर. भाड्याने राहणाऱ्याला कॅलेंडर लागत नाही. अकरा महिन्यांचा करार संपत आला की घरमालकाचा आवाज आपोआप बदलतो, मग टेंपो येतो, मग नवा दूधवाला शोधायचा आणि पोरीची नवी शाळा. जोगळेकर काकांच्या ह्या घरात मात्र आम्ही सात वर्षं टिकलो होतो. काका भले होते, त्यांची अट एकच, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे लग्नात मिळालेलं आमचं भिंतीवरचं घड्याळ सात वर्षं फ्रीजवर टेकून बसलं होतं. फ्रीजचं दार जोरात लावलं की ते तोंडावर पडायचं आणि काटे थांबायचे.

काका मुलाकडे बंगळूरला कायमचे निघाले. निघायच्या आधी म्हणाले, "घाग, घर विकायचंय. तुम्ही ते स्वतःचं असल्यासारखं ठेवलंत, म्हणून पहिला हक्क तुमचा. भावही बाजारापेक्षा कमी लावतो. पण महिनाअखेरपर्यंत सांगा, नाहीतर एजंटकडे दोन गिऱ्हाइकं तयार आहेत."

ह्यांच्या एकट्याच्या पगारावर एवढं कर्ज बसत नव्हतं. हे एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. दोन ठिकाणी नकार मिळाला. तिसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "मिसेसचं काही उत्पन्न आहे का?"

ह्यांच्या आधी मीच म्हटलं, "आहे. मी चपात्या करून देते. तीसेक घरांना, रोज, दोन्ही वेळच्या."

"त्याचा काही कागद?"

कागद कसला असणार? लोक महिना भरला की हातात पैसे देतात, कुणी उरलेल्या सुट्या पैशांऐवजी कोथिंबिरीची जुडी देतं. पण ती मुलगी म्हणाली, "कागद नसला तरी चालेल. आमचा माणूस घरी येऊन तुमचं काम बघेल. त्याला पटलं तर तुमचं उत्पन्न धरू."

धरू. खोटं कशाला सांगू, त्या एका शब्दाने मी घरापर्यंत तरंगत आले. बारा वर्षं मी पीठ मळत होते, पण ते कुणी कुठे धरायचं असतं हे मला पहिल्यांदाच कळलं होतं. घरी येऊन मी स्टुलावर चढले आणि हॉलच्या भिंतीवर, दारातून शिरताच दिसेल अशा जागी, पेन्सिलीने एक बारीकशी फुली मारली. घड्याळाची जागा. हे खालून बघत होते, काही बोलले नाहीत. तिथून पुढचे पंधरा दिवस ते तसे गप्पच होते. कर्जाचं दडपण आलं असेल, असं मी धरून चालले.

तर त्या रविवारी मी पहाटेपासून घर मांडून बसले होते. दोन चुलींची मोठी शेगडी, तिच्यावर दोन मोठे तवे, पिठाची पिंपं, परातीत मळलेला कणकेचा डोंगर आणि ओट्यावर, जमिनीवर, खिडकीत नावं लिहिलेले डबे. पोरगी केतकी क्लासला गेली होती. सगळं मनासारखं झालं होतं. आणि बेल वाजली ती भाऊजींची.

हे आतल्या खोलीतून बाहेर आले, भावाच्या पाया पडले आणि मला स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणाले, "चारू, आवर."

हे 'आवर' म्हणजे काय ते सांगायला हवं. मी चपात्या सुरू केल्या तेव्हा सासूबाई हयात होत्या. त्यांनी तुळशीची माळ हातात घेऊन सांगितलं होतं, घागांच्या घरची सून लोकांसाठी चूल पेटवणार असेल तर माझ्या चुलीशी तिने यायचं नाही. ह्यांनी आईला शब्द दिला की बंद करतो. बंद कुठून करणार? त्याच वर्षी घरभाडं वाढलं. मग आमच्यात एक रीतच पडून गेली. महाडचं कुणी आलं की शेगडी, तवे, पिंपं, डबे सगळं शेजारी जायचं, ह्या घरात समोरच्या दारातल्या सोनावणे काकूंकडे. परात पलंगाखाली. मी हात कोपरापर्यंत धुऊन, साडी बदलून बाहेर यायचे आणि पाव्हणे गेले की पुन्हा पदर खोचायचे. सासूबाई जाऊन पाच वर्षं झाली, रीत तशीच राहिली. काही रीती अशाच असतात, मोडायच्या राहून जातात.

"आज?" मी म्हटलं. "अहो, आज तो माणूस यायचाय. आज काय आवर?"

"अकराला यायचाय ना? अजून तास आहे. दादा चहा घेऊन माझ्याबरोबर बाहेर पडेल. मी त्याला बाजारात नेतो. तू परत मांड."

"त्यांना कळलं तर काय आकाश कोसळणार आहे?"

"चारू, माझं ऐक. एवढं एकदा ऐक."

आवाज असा होता की मी पिंपाची कड धरली. भाऊजी हॉलमध्ये मोठ्याने म्हणत होते, "मधू, अरे काल तुझा फोन..." आणि हे धावत बाहेर जाऊन म्हणाले, "दादा, आधी पाणी घे, पाणी." ह्यांनी त्यांना आतल्या खोलीत नेलं, तेवढ्यात मी आणि सोनावणे काकूंनी सगळं वाहून नेलं. काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "वहिनी, आज तरी नको होतं हे." मी म्हटलं, "तासाभरात परत आणते." शेवटची फेरी झाली, ओटा पुसला, हात धुतले, आणि चहाचं आधण ठेवते तोच पुन्हा बेल.

"मिस्टर घाग? मी निकम. लोनच्या व्हेरिफिकेशनसाठी. जरा लवकरच आलो, पुढे अंबरनाथला जायचंय."

पोरगेलासा माणूस होता. हेल्मेट पायाशी ठेवून सोफ्याच्या अगदी कडेला बसला, जणू आपल्या वजनाने कुणाचं सामान खराब व्हायला नको. मी आतून बघत होते. चहात साखर घातली की नाही, आठवेना.

त्याने ह्यांना विचारलं, "नोकरी किती वर्षं?"

"एकवीस."

"पर्मनंट?"

हे जरासे थांबले. "पर्मनंट."

"छान. आणि मिसेस? अर्जात लिहिलंय की त्यांचा चपात्यांचा व्यवसाय आहे. त्यांचं उत्पन्न धरल्याशिवाय हे कर्ज बसत नाही, तुम्हाला माहीतच आहे."

मी ट्रे घेऊन दारात आले होते. भाऊजी खुर्चीत टेकून छताकडे बघत होते. पंखा फिरत होता. मला वाटलं, हे आता हसून म्हणतील, ही बघा आमची मालकीण.

हे म्हणाले, "छे हो, व्यवसाय कसला. ती घरीच असते."

निकमने कागद पुन्हा पाहिला. "पण इथे तर..."

"अर्ज भरताना जरा वाढवून लिहिलं गेलं. शेजारपाजारी कुणाला चार चपात्या दिल्या तर दिल्या, वेळ जावा म्हणून. त्याला काय व्यवसाय म्हणायचं?"

कानशिलात बसली असती तरी मला इतकं लागलं नसतं. वेळ जावा म्हणून! माझं मनगट संध्याकाळी सुजायचं, गरम पाण्यात हात घालून मी बसायचे, आणि ते पाणी हेच तापवून आणायचे. केतकीची फी, गेल्या वर्षीचा ह्यांचा दवाखाना, हा सोफा ज्यावर तो पोरगा बसला होता. वेळ जावा म्हणून.

निकम उठला आणि रीतीप्रमाणे स्वयंपाकघरात डोकावला. घरगुती गॅस, एक तवा, चौघांची भांडी. इतकं लख्ख स्वयंपाकघर त्याने क्वचितच पाहिलं असेल. त्याने माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्हाला काही सांगायचंय?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांच्या डोळ्यांत असं काही होतं जे मी कधी पाहिलं नव्हतं. हात न जोडता हात जोडल्यासारखं. भावापुढे माझी लाज राख, एवढाच त्याचा अर्थ मला लागला. आणि जन्मभराची सवय, दुसरं काय. मी म्हटलं, "नाही."

त्याने काहीतरी लिहिलं, चहाचा एक घोट घेतला आणि हेल्मेट उचलून निघाला. दार लागलं. भाऊजी म्हणाले, "चहा गोड झालाय." मी तशीच उभी होते. फ्रीजवरचं घड्याळ टिकटिकत होतं आणि भिंतीवरची फुली माझ्याकडे बघत होती.

मग मला काय झालं कोण जाणे. मी ट्रे खाली ठेवला आणि अनवाणी जिना उतरत सुटले.

निकम बाइकला किल्ली लावत होता. मी कठडा धरून धापा टाकत म्हटलं, "साहेब, खोटं आहे. सगळं खोटं आहे. माझं सामान समोरच्यांकडे ठेवलंय. मोठे दीर आलेत म्हणून हे तसं बोलले. तुम्ही वर चला, शेगडी अजून गरम आहे, हात लावून बघा. हव्या त्या घरात विचारा, ह्या बिल्डिंगमध्येच नऊ घरं आहेत."

तो गोंधळला. मग जरा हसला. "वहिनी, दारातून आत येताना मला कणकेचा वास आला होता. चार माणसांच्या कणकेचा वास जिन्यापर्यंत येत नाही. पण मी काय करू? मुख्य अर्जदार स्वतः सांगतोय, बायकोचं उत्पन्न नाही. तुम्हीही नाही म्हणालात. ते खोडून मी माझ्या मनाने कसं लिहू?"

"मग?"

"दोघांनी एकमताने सांगा. मी त्या टपरीवर चहा घेतो. मिस्टरांनी गॅलरीतून हाक मारली की परत येतो. फक्त फार वेळ नको."

देव भेटला असता तरी मी त्याला एवढा नमस्कार केला नसता. जिना चढताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. ह्यांची भावापुढची लाज की माझं घर? बारा वर्षं लाज राखली. आज घर.

मी घरात शिरलेच नाही. सोनावणे काकूंचं दार ढकललं, मोठा तवा उचलला आणि तो दोन्ही हातांत धरून आमच्या हॉलच्या मधोमध, भाऊजींच्या पायांशी नेऊन ठेवला. मग दुसरा. मग डबे. काकू मागून पिंप सरकवत आणत होत्या आणि त्यांना रडू येत होतं. मला मात्र येत नव्हतं.

"भाऊजी," मी म्हटलं, "हे माझं आहे. मी लोकांना चपात्या करून घालते. बारा वर्षं घालतेय. सासूबाईंना दिलेला शब्द आम्ही पाळला नाही. तुम्हाला काय बोलायचं ते बोला, ह्या घरात पाणी पिऊ नका, पण मला हे घर हवंय. खाली तो माणूस थांबलाय. ह्यांनी एक हाक मारली की झालं."

भाऊजींनी तव्यापासून पाय जरा मागे घेतला आणि म्हणाले, "मला कशाला सांगतेस? मला काय माहीत नाही? तुझ्याकडे येतो तेव्हा दरवेळी दाराच्या कडीला पीठ असतं. महाडच्या स्टँडवर उभा जन्म गेला माझा, कोण काय लपवून नेतोय ते मला पिशवीवरून कळतं. आईलाही ठाऊक होतं. शेवटी शेवटी मलाच विचारायची, मधूची बायको अजून करते का रे चपात्या, हात दुखत असतील तिचे."

मी ह्यांच्याकडे वळले. म्हटलं, "ऐकलंत? आता मारा हाक."

हे सोफ्यावर बसले होते. हलले नाहीत.

"अहो, तो जाईल."

"जाऊ दे, चारू."

"जाऊ दे? काय जाऊ दे?"

भाऊजी एकदम ओरडले. "मधू, आता तरी सांग तिला. का मी सांगू? काल फोन करून मला म्हणालास, दादा, उद्या सकाळी ये, तू समोर असलास की ती बोलणार नाही. मला वाटलं नवराबायकोचं भांडण मिटवायचंय. असल्या कामासाठी मी पहाटेची गाडी पकडली होय?"

ह्यांनी बोलावलं होतं. भाऊजींना ह्यांनीच बोलावलं होतं.

"कंपनी भरूचला चाललीय," हे म्हणाले. पायांकडे बघत, जणू शाळेत उत्तर देत होते. "इथलं युनिट बंद. पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं. चाळिशीच्या आतल्यांना तिकडे नेणार आहेत. आम्हाला हिशेब देऊन मोकळं करणार. पुढच्या महिन्यापासून मी घरी."

सोनावणे काकू पिंप तिथेच सोडून हळूच निघून गेल्या.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. त्या दिवशी तू स्टुलावर चढलेली होतीस. फुली मारत होतीस." त्यांनी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. "किती वर्षांनी तू गाणं गुणगुणत होतीस, चारू. मला नाही झालं."

"म्हणून मला खोटं पाडलंत? परक्या माणसापुढे? तुमचं काम सुटलं हे सांगितलं असतंत तर मी काय तुम्हाला हाकलून दिलं असतं?"

"नाही. तू म्हणाली असतीस, माझ्या नावावर घेऊ, मी दुप्पट लाटीन."

अगदी हेच वाक्य माझ्या ओठांवर आलेलं होतं. मी दुप्पट लाटीन. साठ घरं धरीन. पहाटे तीनला उठेन.

"लाटलं असतंस तू," हे म्हणाले, आणि आता पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वीस वर्षं लाटत राहिली असतीस. तुझा हात मी रोज पाण्यात धरून बसतो. मला दिसत नाही का? एकदा कर्ज मंजूर झालं असतं तर तू मागे हटली नसतीस, आणि मला दुसरी नोकरी ह्या वयात कोण देतं? घर तर गेलंच असतं, पण आधी तुझा हात गेला असता. मला दुसरं काही सुचलं नाही. म्हटलं, त्यांनीच नाही म्हणू दे."

मला त्यांचा राग आला होता. कीव नाही, प्रेम नाही, आधी रागच. माझं पहिल्यांदा कुणीतरी धरणार होतं आणि ह्यांनी ते पुसून टाकलं, मला न विचारता. माझ्या हाताचं काय करायचं ते माझं मला ठरवू द्यायचं होतं. मी तसं म्हटलंही. म्हटलं, "आईला शब्द देताना मला विचारलं नाहीत, आजही नाही विचारलंत." भाऊजी खिडकीच्या गजाला कांद्यांची माळ बांधत होते, उगाचच, गाठीवर गाठ.

मी गॅलरीत गेले.

निकमचा चहा संपला होता. तो बाइकजवळ उभा राहून वर बघत होता. मी दिसताच त्याने मान उडवून विचारलं, येऊ का? मी कठडा धरला. हाक मारायची तर माझीही चालली असती, असं मला आजही वाटतं. शेगडी आत होती, तवे आत होते, कणीक मळलेली होती. एक हाक. मी मनात हप्ता मांडला, पुन्हा मांडला, पीठ, गॅस, केतकीची फी, घरात बसलेला माणूस. उजव्या हाताची बोटं कठड्यावर नीट मिटत नव्हती, सकाळच्या गडबडीने पुन्हा सुजली होती.

तोच हात मी वर केला आणि हलवला. जा म्हणून.

त्याने हेल्मेट घातलं, जरा वाकून नमस्कार केल्यासारखं केलं आणि निघून गेला. तो वळणापलीकडे दिसेनासा झाला तरी माझा हात वरच होता. मग मला रडू आलं. मोठ्याने आलं. खालच्या टपरीवाल्याने वर पाहिलं, मला त्याची शरम वाटली नाही.

दुपारी मी चपात्या केल्या. रविवार असला तरी लोकांना जेवायचं असतंच. भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसले आणि पहिल्यांदाच मला लाटताना बघत राहिले. निघताना मी त्यांना डबा दिला. त्यांनी तो पिशवीत ठेवला आणि खिशातून पैसे काढून ओट्यावर ठेवले.

"हे काय भाऊजी?"

"सगळे देतात ना? मग मी का फुकट खाऊ?" आणि डोळे पुसत जिना उतरून गेले.

ते गेल्यावर मी स्टूल घेतलं आणि फुलीवर ओलं फडकं फिरवलं. पेन्सिलच होती, लगेच निघाली.

महिनाअखेरीला जोगळेकर काकांना किल्ली दिली. पुढच्या गिऱ्हाइकाला घर लगेच हवं होतं. एजंटने वांगणीला, बाजारापासून आत, एका बैठ्या चाळीत खोली शोधून दिली होती. आम्ही टेंपोतून उतरलो तेव्हा घरमालकीण, म्हात्रे मावशी, किल्ली कमरेला खोचून दारातच उभ्या होत्या. टेंपोवाला सामान उतरवायची घाई करत होता. केतकी दप्तर मांडीवर घेऊन टेंपोच्या फळीवर बसली होती, दोन महिन्यांवर परीक्षा आली होती आणि तिला माझ्याकडे बघायचं नव्हतं. हे माझ्या शेजारी उभे होते, काखेत चादरीत गुंडाळलेले दोन मोठे तवे.

मावशी म्हणाल्या, "एजंट काय ते सांगतो, मला आपलं विचारलेलं बरं. मागच्यांनी फार तरास दिला. बाईने खानावळ काढली, गॅसच्या टाक्या, माणसांची ये-जा, भिंती काळ्या. म्हणून मी नोकरीवाल्यालाच देते. भिंतीला खिळे मारायचे नाय, ते पण सांगून ठेवते."

"नाही मारणार," मी म्हटलं.

"मिस्टर काय करतात?"

ह्यांचा हिशेब कालच झाला होता. ह्यांनी तोंड उघडलं, मला ते दिसलं. खरं सांगायला निघाले होते. दिवसभरात दुसरी खोली कुठून मिळणार होती? मी त्यांच्या आधी बोलले.

"कंपनीत आहेत. केमिकलच्या. एकवीस वर्षं झाली, पर्मनंट."

हे माझ्याकडे बघत राहिले. चादरीतले तवे एकमेकांवर घासून वाजले आणि त्यांनी ते काखेत घट्ट दाबले.

मावशींनी कमरेची किल्ली काढली. माझ्या हातात ठेवता ठेवता थांबल्या.

"आणि तू गो? तू काय करतेस?"

"मी?" मी म्हटलं. "मी घरीच असते."